दोन दप्तरांतली जमीन

नाशिकच्या आग्नेयेस सुमारे 30 किलोमीटरवर, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले सिन्नर हेच यादव घराण्यातील सेऊणचंद्राने वसवलेले सेऊणपूर आणि ताम्रपटांत उल्लेखिलेले सिंदिनगर होय, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. गोंदेश्वराचे बाराव्या शतकातील मंदिर पाहण्यासाठी लोक आजही या गावी येतात. परंतु यादवांच्या काळाने या प्रदेशाला मंदिरांइतकीच टिकाऊ अशी आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे जमीन देताना करावयाचे लेखन. सिन्नरच्या दक्षिणेला असलेल्या संगमनेर येथे भिल्लम दुसरा याचा शके 922 चा, म्हणजे इसवी सन 1000 चा, ताम्रपट मिळाला आहे. अशा दानपत्रांत देणाऱ्याची वंशावळ, घेणाऱ्याचे नाव, तिथी आणि दिलेल्या गावाचे किंवा शेताचे चार आघाट, म्हणजे चारही दिशांच्या सीमा, सांगण्याची रीत होती. पूर्वेला अमुक गाव, दक्षिणेला अमुक ओढा, अशा शब्दांत जमीन बांधून दाखवण्याची ही पद्धत आजच्या खरेदीखतातील चतुःसीमेच्या परिच्छेदात जवळजवळ जशीच्या तशी शिल्लक आहे, आणि हजार वर्षांत राज्ये, लिप्या, मापे व कायदे बदलूनही दस्तलेखनाचा हा एक धागा तुटलेला नाही.

ताम्रपट मात्र दान घेणाऱ्याच्या घरी राहत असे. पत्रा हरवला, पुरला गेला किंवा कोणी बनावट कोरून आणला तर काय करावयाचे, हा प्रश्न त्या काळातही होता. कूट, म्हणजे बनावट, ताम्रपट भारताच्या अनेक भागांत सापडले आहेत. मराठेशाहीत या प्रश्नाचे उत्तर कागदापेक्षा माणसांत शोधले गेले. मिरासीचा, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या शेतीहक्काचा, तंटा उभा राहिला की गोतसभा भरत असे. तीत पाटील, कुलकर्णी, शेजारचे मिरासदार आणि बलुतेदार बसत, ज्याला जे ठाऊक असेल ते तो सांगे, आणि जे ठरेल त्याचा महजर, म्हणजे सर्वांच्या साक्षीचा निवाडा, मोडी लिपीत लिहिला जाई. महजराच्या शेवटी प्रत्येकाची निशाणी येई: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्या हातातले अवजार त्याच्या नावाच्या जागी उभे राहत असे. आजच्या अंगठ्यापेक्षा ही निशाणी अधिक बोलकी म्हणावी लागेल, कारण तीत माणसाबरोबर त्याचे गावातले स्थानही नोंदले जाई आणि त्या साक्षीची जबाबदारी साऱ्या गावासमोर त्याच्यावर येई.

या व्यवस्थेत जमीन मोजली जात नव्हती, असे नव्हे. 20 काठ्यांचा एक पांड, 20 पांडांचा एक बिघा आणि 120 बिघ्यांचा एक चाहूर हे माप रूढ होते, आणि शिवकालात काठीची लांबी 5 हात 5 मुठी ठरवण्यात आली होती. परंतु शेताचा नकाशा नव्हता. शेत ओळखले जाई ते त्याच्या नावाने, म्हणजे थळाने, आणि त्याचा हिशेब कुलकर्ण्याच्या घरातील दप्तरात राही. दप्तर म्हणजे येथे कापडी बासनात बांधलेले कागद, आणि हे बासन वतनाबरोबर बापाकडून मुलाकडे जात असल्यामुळे गावच्या जमिनीची स्मृती ही एका अर्थी एका कुटुंबाची मालमत्ता बनली होती.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि सिन्नरचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा 1869 मध्ये झाला. त्याआधी हा भाग अहमदनगर आणि खानदेश यांच्या कारभारात विभागलेला होता. नव्या सरकारला सर्वांत आधी हवा होता तो महसूल. प्रिंगल या अधिकाऱ्याने 1820 च्या दशकाच्या अखेरीस केलेली पहिली पाहणी फसली, कारण तिचे आकडे शेतात उभ्या असलेल्या पिकाशी जुळत नव्हते. 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने मोजणी हाती घेतली; तिची रीत 1847 च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. 1840 च्या दशकात नाशिक भागातील मैदानी गावांची, त्यांत सिन्नरच्या गावांचीही, मोजणी याच पद्धतीने झाली.

या मोजणीचे साधन होते 33 फुटांची साखळी. तिचे 16 भाग पाडून त्यांना आणे म्हणत, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढे क्षेत्र म्हणजे एक गुंठा, अशा 40 गुंठ्यांचा एक एकर. आज सिन्नरमध्ये प्लॉटचा भाव बोलताना कोणी 1089 चौरस फुटांचा गुंठा म्हणतो, तेव्हा 33 ला 33 ने गुणून येणारी ती जुनी साखळीच त्याच्या तोंडी असते. मोजणीदार शेतात जाऊन बांधाबांधाने साखळी टाकी, मापे ज्या कच्च्या आकृतीवर लिही तिला टिपण म्हणत, त्या मापांवरून क्षेत्र काढण्याचा हिशेब गुणाकार बुकात होई, आणि शेवटी गावातील प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र व आकार, म्हणजे शेतसारा, आकारबंद या नोंदवहीत बसवला जाई. मातीची खोली, रंग आणि दोष पाहून जमिनीचा कस आण्यांत ठरवला जाई. सिन्नर तालुक्यात हे काम विशेष नाजूक होते, कारण देवनदीच्या बंधाऱ्यांतून काढलेल्या पाटांवर भिजणारी पाटस्थळ जमीन, विहिरीच्या मोटेवरची मोटस्थळ जमीन आणि पूर्वेकडे वावीच्या बाजूला पावसाकडे डोळे लावून बसलेली जिरायत एकाच तालुक्यात होती. टिपणे आज जुनी झाली असली तरी बांधाचा वाद पराकोटीला गेला की भूमी अभिलेख कार्यालयात शेवटी तीच काढली जातात.

ही सारी मेहनत साऱ्यासाठी होती, हे विसरून चालणार नाही. सर्व्हे नंबरापुढे ज्याचे नाव लिहिले गेले तो खातेदार, म्हणजे सारा भरण्याची जबाबदारी असलेला माणूस. तो मिरासदार आहे की उपरी, म्हणजे मिरासी हक्क नसलेला कुळवाडी, त्याच्या भावांचे हिस्से किती, शेत कोणाकडे गहाण पडले आहे काय, याची चौकशी मोजणीने केली नाही. दर 30 वर्षांनी आकार फिरवला जाई आणि मधल्या काळात खातेदार वारला तरी त्याचेच नाव पुढे चाले.

इनाम जमिनींच्या बाबतीत मात्र सरकारने उलट टोक गाठले. 1852 च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने इनामदारांकडे मूळ सनदा मागितल्या, पुण्यातील पेशवे दप्तराशी त्या ताडून पाहिल्या, आणि पिढ्यान्पिढ्या वहिवाट असूनही ज्यांना कागद दाखवता आला नाही त्यांच्या जमिनीवर आकार बसवला. शेजाऱ्यांच्या साक्षीपेक्षा कागद मोठा हा नवा नियम या प्रदेशाने तेव्हा प्रथमच पूर्ण कठोरपणे अनुभवला. देवस्थानाचा दिवा ज्या जमिनीवर जळत होता तिची सनद वाळवीने खाल्ली असेल, तर तो दोष पुजाऱ्याचा मानला गेला, आणि हा अन्याय होता असेच म्हटले पाहिजे.

महसुलाच्या दप्तराला समांतर असे दुसरे दप्तर याच काळात उभे राहत होते. दस्त सरकारी अधिकाऱ्यापुढे नोंदवण्याचा पहिला अखिल भारतीय कायदा 1864 चा. तो 1866, 1871 आणि 1877 मध्ये बदलला गेला आणि 1908 चा नोंदणी अधिनियम आजही लागू आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 चा असला तरी मुंबई इलाख्यात तो 1 जानेवारी 1893 पासून अमलात आला, आणि 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी हे त्याने पक्के केले. नोंदणी अधिनियमानुसार दस्त करून दिल्यापासून साधारणपणे 4 महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकापुढे, म्हणजे तालुक्याच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे, हजर करावा लागतो. लिहून देणारा तेथे दस्त कबूल करतो, ओळख पटवणारे सही करतात, अंगठे घेतले जातात. अंगठ्याचा हा वापरही दस्तनोंदणीशी जोडलेला आहे: विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने 1877 मध्ये बंगालमधील हुगळी येथे दस्त नोंदवताना बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात केली, ती मुख्यतः आपण सहीच केली नाही असे पुढे कोणी म्हणू नये म्हणून.

नोंदणी कार्यालयातील पुस्तकांची वाटणी कायद्यानेच ठरवून दिली आहे. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक 1 मध्ये उतरतात, नोंदणी नाकारल्याची कारणे पुस्तक क्रमांक 2 मध्ये, मृत्युपत्रे पुस्तक क्रमांक 3 मध्ये, आणि इतर किरकोळ दस्त पुस्तक क्रमांक 4 मध्ये. हजारो पानांतून हवा तो दस्त सापडावा यासाठी सूच्या केल्या जातात; सूची क्रमांक 1 माणसांच्या नावांची आणि सूची क्रमांक 2 मिळकतींची. सूची क्रमांक 2, जिला कचेरीच्या ओट्यावर सगळे इंडेक्स टू म्हणतात, तिच्या एका उताऱ्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, गावाचे नाव, भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकारणी, लिहून देणाऱ्याचे व लिहून घेणाऱ्याचे नाव, दस्ताची व नोंदणीची तारीख, अनुक्रमांक, खंड आणि पृष्ठ एवढे सारे मावते. शोध म्हणजे गावाचे नाव धरून एकेका वर्षाची ही सूची वाचत जाणे. वकील सहसा मागील 30 वर्षांचा शोध घेतात. नावांची सूची त्यांना फारसा भरवसा देत नाही, कारण एकाच गावात एकाच आडनावाची आणि एकाच नावाची दोन-तीन माणसे असतात, एका दस्तात नाव भिकाजी असते तर दुसऱ्यात भिका. गट नंबर मात्र निदान आकडा असतो. पुस्तक क्रमांक 1 आणि त्याची सूची ठरलेली फी भरून कोणालाही पाहता येते, ही या कायद्यातील सर्वांत लोकाभिमुख तरतूद म्हणावी लागेल. गोतसभेत जे सर्वांच्या देखत होत होते, त्याची जागा या उघड्या पुस्तकाने घ्यावी अशी तिच्यामागची कल्पना होती.

प्रत्यक्षात कागदाचा पहिला मोठा लाभ सावकाराला झाला. मोजणीने शेतकऱ्याला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा निर्वेध हक्क दिला, दिवाणी न्यायालये दस्त पाहून हुकूमनामे देऊ लागली, आणि 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या कर्जरोख्याची मुदत 3 वर्षांवर आल्याने दर 3 वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेण्याची चाल पडली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक सावकारांवर चालून गेले, आणि तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, गहाणखते आणि हुकूमनामे मागून घेऊन ते जाळण्यात आले. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्याचे संगमनेर, अकोले आणि कोपरगाव हे तालुके सिन्नरच्या शिवेला शिव लावून आहेत. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचा दस्त ग्राम निबंधकापुढेच लिहिला जावा, दस्तातील मजकूर शेतकऱ्याला समजावून सांगितला जावा असा बंदोबस्त केला. त्या पहिल्या चारांत नाशिकचे नाव नव्हते, म्हणून शिवेच्या अलीकडचा आणि पलीकडचा शेतकरी काही वर्षे दोन वेगळ्या कायद्यांखाली कर्ज काढीत होता. 1901 मध्ये सरकारने महसूल कायदा दुरुस्त करून काही जमिनी परवानगीशिवाय हस्तांतर करता येणार नाहीत अशा शर्तीवर देण्याची तरतूद केली, तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या सदस्यांनी कौन्सिलातून सभात्याग केला. नवीन व अविभाज्य शर्त हे सातबाऱ्यावर आजही अनेकांना अडवणारे शब्द त्या धोरणाच्याच वारशातले आहेत.

तोपर्यंत महसुली दप्तरातील नावे आणि शेतातील माणसे यांचा मेळ पार तुटला होता. म्हणून 1903 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी, म्हणजे जमिनीवर कोणाकोणाचा कोणता हक्क आहे याची नोंद, सुरू झाली, आणि 1913 मध्ये ती महसूल कायद्यात सामावून घेण्यात आली. येथे फेरफार नोंदवही जन्माला आली. खरेदी, वारस, वाटणी, गहाण, बक्षीस असा कोणताही बदल झाला की त्याची नोंद गाव नमुना 6 मध्ये करावयाची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आल्यास तिची चौकशी करायची आणि मग वरच्या अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करायची, असा तिचा क्रम आहे. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याने गावच्या सर्व नोंदवह्यांची घडी बसवली. त्याच्या पुस्तकाला तलाठी अजूनही अँडरसन मॅन्युअल म्हणतात. त्या घडीतला गाव नमुना 7 हा हक्काचा आणि गाव नमुना 12 हा पिकांचा, हे दोन्ही एका कागदावर आले आणि त्याचा सातबारा झाला. एखाद्या सरकारी नमुन्याचे दोन आकडे भाषेत असे रुळले की एखाद्याचा सातबारा कोरा आहे, म्हणजे कर्जमुक्त आहे, हे वाक्य राजकारणातल्या घोषणेपर्यंत गेले.

तरीही दोन दप्तरे दोनच राहिली. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जाई आणि फेरफार तलाठ्याकडे होई. एक कचेरी नोंदणीची, दुसरी महसुलाची. नोंदवलेल्या दस्तांची माहिती निबंधकाने तहसीलला कळवावी असा नियम होता, परंतु कागद जाऊन नोंद पडेपर्यंत महिने, प्रसंगी वर्षे जात. त्या मधल्या काळात सातबाऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव असे, आणि तो उतारा दाखवून तीच जमीन दुसऱ्याला विकण्याचा मार्ग मोकळा राही. कायद्याच्या दृष्टीने पहिला दस्त श्रेष्ठ ठरतो, पण ते ठरेपर्यंत दुसऱ्या खरेदीदाराची आयुष्यभराची पुंजी अडकलेली असते. त्याहून मूलभूत गोष्ट अशी की, या दोन्ही दप्तरांपैकी एकही मालकीची हमी देत नाही. नोंदणी कार्यालय एवढेच सांगते की अमुक माणसाने अमुक दस्त करून दिला. त्याला तो करून देण्याचा अधिकार होता काय, हे ते तपासत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण फेरफाराने मालकी निर्माण होत नाही हे न्यायालयांनी पुन्हापुन्हा सांगितले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने 1858 मध्ये सुरू केलेल्या पद्धतीत सरकारी नोंदवहीतील नाव हीच मालकी असते आणि चूक झाल्यास भरपाईची सोय असते. महाराष्ट्रात ती जबाबदारी सरकारने आजवर उचललेली नाही. ती शोध घेणाऱ्या वकिलावर आणि अखेर खरेदी करणाऱ्यावर पडते.

स्वातंत्र्यानंतर या दप्तरांवर एकामागून एक थर चढले. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जेथे योजना लागू झाली तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुना व नवा आकडा जुळवणारा तक्ता हाताशी नसेल तर 30 वर्षांपलीकडचा शोध तेथेच थांबतो. 1948 च्या कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवला आणि कसणारे कूळ त्या दिवशी जमिनीचे मालक मानले गेले. त्यासाठी आधी कुळाचे नाव नोंदीत असणे मात्र फार मोलाचे ठरले. बायकांची नावे तर या दप्तरांत दिसतच नसत, किंवा दिसली तरी इतर हक्क या रकान्यात, बहिणीचा हिस्सा म्हणून कोपऱ्यात. नाशिक जिल्ह्यातीलच चांदवड येथे नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्ती हा कार्यक्रम हाती घेतला, ज्यात शेतकऱ्यांनी आपणहून काही जमीन पत्नीच्या नावावर करून द्यावी अशी हाक होती. हजार वर्षांच्या या लेखनात घरातली बाई प्रथमच चतुःसीमेच्या आत आली, असे त्या कार्यक्रमाचे मोल सांगता येईल.

2000 नंतर दस्तनोंदणी संगणकावर गेली, त्याआधी दस्तांची छायाचित्रे घेण्यासाठी ते पुण्याच्या शासकीय फोटो नोंदणी कार्यालयात पाठवले जात असत. पुढे ई-फेरफार प्रणालीने नोंदवलेल्या दस्ताची माहिती तलाठ्याच्या संगणकापर्यंत थेट नेली आणि दोन कचेऱ्यांमधली ती जुनी दरी बरीच अरुंद झाली. याच सुमारास सिन्नरच्या जमिनीला कधी नव्हे एवढी मागणी आली. माळेगाव आणि मुसळगाव येथील औद्योगिक वसाहती आधीच होत्या, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेतल्या गेल्या होत्या, आणि त्यानंतर 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सिन्नर व इगतपुरी या तालुक्यांतून आखला गेला. 2017 मध्ये शिवडे गावच्या शेतकऱ्यांनी त्याला केलेला विरोध राज्यभर गाजला. या रस्त्यासाठी मोठ्या प्रमाणावर थेट खरेदीचा मार्ग वापरला गेला, म्हणजे प्रत्येक गटाचे खरेदीखत, आणि खरेदीखत म्हणजे सातबाऱ्यावरील प्रत्येक नावाची सही. आजोबांच्या नावावर राहिलेले खाते, न झालेली वारसनोंद, तोंडी झालेली वाटणी, लग्न होऊन गेलेल्या आत्या, फेडूनही न उतरलेला सोसायटीचा बोजा, ही सारी कामे, जी दोन पिढ्या अडली नव्हती म्हणून झाली नव्हती, ती एकदम दारात उभी राहिली. शिर्डी ते भरवीर हा सिन्नरमधून जाणारा टप्पा मे 2023 मध्ये वाहतुकीस खुला झाला.

सूची क्रमांक 2 आता घरबसल्या पाहता येते आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून मिळू लागला आहे; तरी सिन्नरमधील जमिनीचा पक्का शोध घ्यावयाचा तर पडद्यावर काम संपत नाही. एखाद्या गटावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे हस्तांतरावर बंधन असलेली जमीन, असा शेरा असेल, तर तो वतनामुळे आला की कुळकायद्यामुळे, की सरकारने शर्तीवर जमीन दिल्यामुळे, हे ज्या फेरफारावरून कळते तो बहुधा 30 वर्षांच्या कितीतरी मागे असतो. त्याचा क्रमांक सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला असतो. तो धरून मागे जाताना आधी टंकलिखित नक्कल मिळते, मग बाळबोध हस्ताक्षर, आणि मग एका पानावर अक्षरे जोडून, हात न उचलता लिहिलेली मोडी सुरू होते. तेथे वकील थांबतो आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडे ती नक्कल नेली जाते. तो काचेखाली कागद धरून एकेक शब्द लावतो, आणि मजकुराच्या शेवटी पूर्वेस अमुक, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस वाट, उत्तरेस अमुक, असे मोठ्याने वाचून दाखवतो.